गाडी गेल्यावर दहा आकडे

या लेखात एका माणसाचं नाव येणार नाही. ते मला माहीत आहे. माझ्या पत्रकावर ते ठळक अक्षरांत छापलं होतं आणि त्यावरून मला वकिलाची नोटीसही आली होती. तरी इथे ते गाळते आहे, आणि भीतीने नाही. या गृहस्थांना आपलं नाव वाचायला फार आवडतं. तेवढं सुख माझ्या हातून त्यांना मिळणार नाही. त्यांना आपण नुसतं साहेब म्हणू, सेटवर सगळे तेच म्हणायचे. त्यांच्या सिनेमाचं नावही लिहीत नाही. त्यांनी एक नाव गाळलं, मी दोन गाळते.

त्यांनी गाळलेलं नाव सोपानभाऊंचं.

सुदुंबऱ्याचे सोपानभाऊ लग्नाचं शूटिंग करायचे. मावळात गेल्या तीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या कपाटात सोपानभाऊंची एक कॅसेट, नाहीतर सीडी, नाहीतर पेनड्राइव्ह असणार. उंच, वाळका माणूस. पांढरा फुल शर्ट, बाह्या बटणं लावून मनगटापर्यंत. मांडवात शिरताना चपला बाहेर काढायचे आणि दिवसभर अनवाणी फिरायचे, पावलांचा आवाज नको म्हणून. स्कूटरला मागे कॅमेऱ्याची बॅग आणि तिच्यावर दोरीने बांधलेला लाकडी पाट. नवख्या गावात लोक विचारायचे, "भटजी आले का?"

पाट त्यांच्या स्वतःच्या बसण्यासाठी होता. हळदीला नवरी खाली बसलेली असते, कोपऱ्यात म्हाताऱ्या बसलेल्या असतात. बाकीचे शूटिंगवाले उभ्यानेच त्यांच्यावर कॅमेरा रोखतात. सोपानभाऊ पाट टाकून समोर बसायचे.

"बसल्याल्या बाईला उभ्यानं बघू न्हाई," ते म्हणायचे. "उभ्यानं बघितलं की ती बारकी दिसती. बारकी न्हाई ती. आपुन उगं उंच झाल्यालो असतो."

हल्लीच्या लग्नांवर त्यांचा राग होता. एकदा कामशेतजवळच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी फर्मान काढलं की फोटोग्राफरचा फ्लॅश पडला नाही, तेव्हा मंगळसूत्र काढून पुन्हा घाला. सगळे तयार झाले, नवरीने मानही वाकवली. सोपानभाऊंनी कॅमेऱ्यावर रुमाल टाकला आणि पाटावर बसून राहिले.

मामा म्हणाले, "काय हो, तुम्ही नाही घेत?"

"मी एकदा लागल्यालं लगीन घेतो, मामा. दुसऱ्यांदा लावायचं तर भटजीला इचारा मुहूर्त हाय का."

मामांनी पुढे त्यांना कुणाच्याच लग्नाला बोलावलं नाही. सोपानभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. पण त्या लग्नाच्या सीडीत मामांचा एक शॉट आहे. पंगतीत बसलेले, जिलबी खाताना, पुरता मिनिटभर, आणि तोंडातून पाक ओघळतोय. सोपानभाऊ विसरणारा माणूस नव्हता. लोक त्यांना साधा म्हणायचे. साधा होता, पण विसरणारा नव्हता. ते वाट बघायचे, आणि वाट बघताना कॅमेरा चालू ठेवायचे.

त्यांची खरी ओळख म्हणजे पाठवणी. नवरी गाडीत बसते, रडारड होते, गाडी निघते. सगळे कॅमेरे गाडीच्या मागे धावतात आणि गाडी वळली की बंद होतात. सोपानभाऊ गाडीच्या मागे कधीच गेले नाहीत. ते मागे राहिलेल्यांवर कॅमेरा धरायचे, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजायचे. सावकाश. त्या दहा आकड्यांत काय काय व्हायचं. आरतीचं ताट धरून उभी आई ते ताट कुठे ठेवावं हे न कळून तशीच उभी राहायची. भाऊ उगाच खुर्च्या उचलायला लागायचा. दहा झाले की कॅमेरा बंद. गिऱ्हाईक काहीही म्हणो, वीज जावो, पाऊस येवो, दहाच्या आत ते बंद करायचे नाहीत.

हे का, ते मला त्यांच्या बहिणीने, रखमाताईंनी सांगितलं. ताईंचं लग्न सोपानभाऊंनीच कॅसेटवर घेतलं होतं. नवा कॅमेरा होता, हौस होती. ताईंची गाडी निघाली तसं सोपानभाऊंना रडू फुटलं आणि त्यांनी कॅमेरा बंद केला. पंधरा दिवसांत त्यांचे वडील गेले. ताई माहेरी आल्या त्या पहिलं हेच म्हणाल्या, "दादा, मी गेल्यावर आबा काय करत हुतं? दाव की मला."

दाखवायला काही नव्हतं. कॅसेटमध्ये गाडी होती, धूळ होती आणि मग काळा पडदा.

"त्या दिवसापासनं दादा मोजतो," ताई म्हणाल्या.

आता सिनेमा. मी तळेगावची. खंडाळ्याच्या बंगल्यांवर शूटिंगं येतात, तिथे जेवण रांधणारी, लाइटा उचलणारी, गाड्या हाकणारी माणसं आपली असतात आणि पडद्यावर त्यांची नावं येत नाहीत. ती यावीत म्हणून आम्ही चारपाच जण पत्रकं काढतो. त्यामुळे सोपानभाऊंपर्यंत पोचले. पहिल्या भेटीत त्यांनी माझं पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "लय आरडावरडा हाय पोरी ह्यात. पन खोटं न्हाई."

सिनेमात ते गेले होते नट म्हणून. कथेत एक लग्न होतं, त्यात पाठीमागे हिंडणारा लग्नाचा शूटिंगवाला हवा होता. खराच मिळाला, कॅमेऱ्यासकट. मग साहेबांच्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माणसाला कावीळ झाली. साहेबांनी या माणसाचा हात बघितला, थरथर नाही हे बघितलं आणि उरलेल्या दिवसांसाठी दुसरा कॅमेरा त्यांच्याकडे दिला.

सिनेमा प्रेमाचा आणि हसवणारा. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटरवर बसणारी एक बडबडी मुलगी आणि मुंबईहून आलेला एक वेंधळा मुलगा. पण तिच्या घरी बाप आहे, रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि त्याला विसर पडत चाललाय. हे ती कुणालाच सांगत नाही. संवादात ते जवळजवळ नाहीच. ते सांगतो कॅमेरा. कसं, ते मला सोपानभाऊंनी त्यांच्या ओसरीवर मोबाइलवर सिनेमा लावून, बोट ठेवून दाखवलं.

"हितं बघ. दुकानात हाय तवर कॅमेरा खांद्यावर. तिच्यासंगं चालतो, हलतो. ती हसती तर त्योबी हसतो जणू. आता घर आलं. बसला का न्हाई कॅमेरा? ढिम्म. आन चौकट बघ कशी कापती तिला. अर्धीच दिसती."

"का?"

"घरात ती अर्धीच असती. अर्धी बापाकडं. आख्ख्या सिनेमात घरामंदी ती पुरी दिसत न्हाई, बघ तू." मग जरा थांबून म्हणाले, "साहेबांचा हात भारी हाय. त्यात खोट न्हाई."

मला हे ऐकवेना. पण खरं होतं, म्हणून लिहिते. चौकटीची कल्पना साहेबांचीच. त्यांच्याकडे स्वतःचं एवढं होतं, तरी दुसऱ्याचं उचललं. हेच मला माफ करता येत नाही.

त्यांनी उचलला तो शॉट असा. मुलगी शेवटी त्या मुलाच्या स्कूटरवर बसून हसत निघते. बाप अंगणातून हात हलवतो. स्कूटर वळते. कागदावर सीन इथे संपत होता, आणि पुढचा सीन मुंबईतला, लग्नाचा, गाण्यासकट. पहिला कॅमेरा स्कूटरच्या मागे गेला. सोपानभाऊंचा कॅमेरा बापावर होता. "कट" झालं, सगळे चहाकडे वळले. सोपानभाऊ मोजत होते. बापाचं काम करणारे म्हातारे नट तसेच उभे राहिले. कॅमेरा चालू असल्याचं त्या जुन्या माणसाला कळलं असावं. वर केलेला हात त्यांनी सावकाश खाली आणला. तो हात कशासाठी वर केला होता हे आठवेना, असा त्याच्याकडे बघितला. मग घरात जायला वळले आणि शेजारच्यांच्या दाराकडे चालायला लागले. दारापाशी थबकले. दहा.

मग साहेब आले. सोपानभाऊंनी त्यांचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले: "कट म्हणजे कट. कुणी सांगितलं चालू ठेवायला? हे काय लग्नाचं शूटिंग आहे?" आणि आणखी एक शिवी, जी सोपानभाऊंनी मला सांगितली नाही.

तो शॉट सिनेमात आहे. नुसता आहे असं नाही, त्याच्यासाठी शेवट बदलला गेला. मुंबईचं गाणं गेलं. मुलगी अर्ध्या वाटेतून स्कूटर वळवायला लावते, परत येते, बापाचा हात धरून त्याला आपल्या दाराकडे नेते, आणि घरात पहिल्यांदाच, त्या दारात, पूर्ण दिसते. लोक तिथे रडतात. जिने चिक्की विकताना एवढं हसवलं ती आतून काय ओढत होती, ते दहा आकड्यांत कळतं. साहेबांना त्यासाठी बक्षिसं मिळाली. मुलाखती झाल्या. "मला वाटलं, इथे कॅमेऱ्याने थांबावं," असं ते प्रत्येक ठिकाणी सांगत सुटले.

सोपानभाऊंचा समज होता की नाव येईल. सेटवरच्या एका पोरीने वहीत लिहून घेतलं होतं, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा विचारलं होतं. म्हणून पहिल्या रविवारी त्यांनी जीप केली आणि घरची सगळी माणसं तळेगावच्या थिएटरात नेली. रखमाताई सासरहून आल्या होत्या. तो शॉट आला तेव्हा ताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. नंतर म्हणाल्या, "आबाच हुतं ते. मी गेल्यावरचं."

सिनेमा संपला आणि नावं सुरू झाली. बाकी लोक उठले. ही नऊ माणसं बसून राहिली. नटांची नावं गेली, कपड्यांची, केसांची, कुत्रा शिकवणाऱ्याचं नाव गेलं, मुंबईहून जेवण पाठवणाऱ्याचंही गेलं. दिवे लागले, झाडूवाली आत आली. शेवटी एक ओळ आली: "समस्त मावळवासीयांचे आभार." आणि पडदा पांढरा.

ताई म्हणाल्या, "दादा, तुझं नाव पळत गेलं काय रं? मला काय वाचाय घावलं न्हाई."

सोपानभाऊ म्हणाले, "आलं की. मावळवासी म्हंजे मीच."

हे मला त्यांच्या पुतण्याने सांगितलं. सोपानभाऊंनी त्या दिवसाचा विषय माझ्याकडे एकदाच काढला. "मला नाव नकु हुतं गं," ते म्हणाले. "रकमीला दावायचं हुतं. ते एक ऱ्हायलं हुतं ना दावायचं."

मी पेटले. पत्रक काढलं, "मावळवासी कोण?" साहेबांच्या कंपनीला फोन केला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, पुरावा आहे का?" नव्हता. मूळ चित्रण त्यांच्याकडे, आवाज त्यांच्याकडे. माझ्याकडे लग्नवाल्याचा शब्द. मग ती नोटीस आली.

"पत्रकं वाटून काय हुतं?" सोपानभाऊ म्हणाले. "मानसाला त्येच्याच तोंडानं बोलू द्यावं. आपुन नुसता कॅमेरा चालू धरून बसायचं."

"किती दिवस?"

"बघू की. येतोय म्हनं लोनावळ्याला."

येत होते खरंच. लोणावळ्याच्या एका कलामंडळाने साहेबांचा सत्कार ठेवला होता, आणि भाषणाचा विषय होता, कॅमेऱ्यातून माणसाचा संघर्ष कसा दाखवावा. मंडळाच्या कार्यक्रमांचं शूटिंग वर्षानुवर्षं सोपानभाऊच करायचे. मंडळाला बाकीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे फोन केला, यांनी नेहमीप्रमाणे व्हय म्हटलं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे होते. सोपानभाऊंच्या कॅमेऱ्यात जे दिसेल ते थेट त्यांच्यावर.

मी पिशवीभर पत्रकं घेऊन गेले. सोपानभाऊ स्टेजखाली पाट टाकून बसले होते. मला म्हणाले, "मागं बस. हात बांधून." तिसऱ्या रांगेत रखमाताई होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

साहेब छान बोलले. कॉलरला छोटा माइक लावलेला होता, हात मोकळे होते, ते हात फार सुंदर हलवतात. चौकट समजावली, खांद्यावरचा कॅमेरा समजावला. मग तो शॉट दाखवला. पुढच्या रांगांत रुमाल निघाले. ही सगळी दाद आपलीच आहे, अशा चेहऱ्याने साहेब उभे राहिले. प्रश्न विचारा म्हणाले. मला हात बांधून बसणं जमलं नाही. उठून विचारलं, "कॅमेरा थांबवायचा नाही, हे कुणी ठरवलं?"

"पूर्णपणे मी," साहेब म्हणाले. "ऑपरेटरच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणालो, थांबू नकोस. त्या क्षणी मला तो बाप दिसत होता."

टाळ्या झाल्या. पाटावरची पाठ हलली नाही. आभार झाले, "कार्यक्रम संपला असे जाहीर करतो" झालं. लोक उठायला लागले, खुर्च्या वाजल्या. पडदे मात्र चालूच होते. दोन्ही पडद्यांवर साहेबांचा चेहरा, शाल खांद्यावर, घाम पुसताना. ते खाली वाकले आणि त्यांची नजर कॅमेऱ्यामागच्या माणसावर पडली. ओळख पटलेली पडद्यावर दिसली.

"अरे, तू खंडाळ्याला होतास ना? लग्नवाला?"

"व्हय साहेब."

"अजून तसाच का? बंद कर तो. तेव्हाही कट म्हटलं तरी चालूच ठेवला होतास. किती शिव्या घातल्या होत्या मी तुला, त्या म्हाताऱ्याच्या शॉटला."

कॉलरचा माइक चालू होता. प्रत्येक शब्द सभागृहाच्या शेवटच्या भिंतीला जाऊन आदळला. माइकवाला सोपानभाऊंच्या नेहमीच्या कामातला. त्याला आधी काही सांगून ठेवलं होतं का, मी विचारलं नाही.

सोपानभाऊ म्हणाले, "व्हय साहेब. दहा आकडं झालं की करतो बंद."

उठलेले लोक जागच्या जागी उभे राहिले. साहेबांनी मान वर केली आणि पडद्यावर स्वतःला बघितलं. तोंड उघडं, हात घामाच्या रुमालासकट अर्धवट वर. तो हात कशासाठी वर केला होता हे त्यांनाही आठवत नसावं. आधी हसल्या त्या रखमाताई. मग मागून कुणीतरी. सोपानभाऊ घाई न करता मोजत होते, पहिल्यांदाच मोठ्याने. "सात... आठ... नऊ..."

साहेब विंगेत जायला वळले आणि चुकीच्या बाजूला गेले. तिकडे भिंत होती.

"दहा." पडदे काळे झाले.

मला विचाराल तर माझ्या आयुष्यात एवढं सुख दुसरं नाही. कुणी म्हणेल, सूड घेऊन काय मिळतं. हे मिळतं.

बाकी काही मिळालं नाही, तेही सांगते. माफी नाही, खुलासा नाही. सिनेमात आजही "समस्त मावळवासी" आहेत. साहेब हल्ली मुलाखतीत "एक सुखद अपघात" म्हणतात. सोपानभाऊंना खंडाळ्याच्या बंगल्यांवरून पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि कलामंडळानेही दुसरा माणूस धरला. त्या दिवसाचं चित्रण मी मागितलं, हात जोडून मागितलं. त्यांनी ते मंडळाला देऊन टाकलं होतं. "ज्येचा कार्यक्रम त्येची फीत," म्हणाले. मंडळाने ते पुसलं असणार. मी भांडले. ते म्हणाले, "रकमीनं ऐकलं न्हवं?"

त्यांना पुरलं. मला पुरलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सोपानभाऊ गेले, दुपारी, ओसरीवर, चहा मागवून. त्याच्या आठवडाभर आधी मी सुदुंबऱ्याला गेले होते. नवं पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि एक ओळ खोडायला सांगितली. साहेबांच्या दिसण्याबद्दलची होती. "दिसन्यावर जाऊ नगं. केल्यालं धर." मी निघाले, स्कूटर सुरू केली. दरवेळी मी भरधाव जायची, पुढच्या कामाच्या तंद्रीत. त्या दिवशी वळणापाशी आरशात नजर गेली. ते फाटकात उभे होते. हात वर नव्हता. नुसते उभे, आणि ओठ हलत होते.

वळणापलीकडे झाडाआड थांबले. आता मी त्यांना दिसत नव्हते, मला ते दिसत होते. मीही मोजलं. दहा झाल्यावर ते वळले, ओसरीच्या पायरीपाशी चपला काढल्या, आणि अनवाणी आत गेले.